‘बाहेरचा विषय’: आमच्या महाविद्यालयाच्या व्यवस्थापन मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, व्यवस्थापन मंडळ,
आणि मा. प्राचार्य

विषय: कारणे दाखवा नोटिशीचा उरलेला खुलासा, आणि रात्रपाळीच्या वॉचमनकाकांची बदली.

सादर नमस्कार.

तुमची नोटीस मला, माझ्या वर्गातल्या दोघींना आणि दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना मिळाली. सात दिवसांत लेखी खुलासा द्यायचा होता, तो आम्ही पाच ओळींत दिला, कारण कार्यालयातल्या छापील फॉर्मवर तेवढीच जागा होती. राहिलेलं इथे लिहिते. महाविद्यालयाचं नाव मुद्दाम घालत नाही. हेच पत्र दुसऱ्या एखाद्या महाविद्यालयाच्या फाटकावर चिकटवलं, तर त्यात फार खाडाखोड करावी लागेल असं मला वाटत नाही.

नोटिशीत म्हटलं आहे की कंत्राटदार आणि त्याचे कामगार यांच्यातली वेतनाची बाब ही ‘महाविद्यालयाबाहेरची’ आहे आणि विद्यार्थ्यांनी त्यात पडणं शिस्तीला धरून नाही.

‘बाहेरची’ या शब्दापाशी मी अडकले. सकाळी साडेसहाला मुख्य इमारतीचं कुलूप सफाईवाली मावशी काढते, ती याच कंत्राटदाराची कामगार. प्राचार्यांच्या केबिनची किल्ली तिच्या कंबरेला असते. फाइलींवरची धूळ ती पुसते, टेबलावरचा पाण्याचा तांब्या ती भरते आणि आम्ही आठच्या लेक्चरला पोचतो तेव्हा तिचे तिन्ही मजल्यांचे जिने झाडून झालेले असतात. रात्री आठ ते सकाळी आठ फाटकावर त्याचेच वॉचमनकाका असत. परीक्षेच्या दिवसांत प्रश्नपत्रिकांच्या पेट्या ठेवलेल्या खोलीबाहेर खुर्ची टाकून तेच बसत. प्रश्नपत्रिका ज्यांच्या भरवशावर, त्यांचा पगार मात्र बाहेरचा!

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगते, कारण ‘कोणीतरी भडकवलं’ असं आमच्या आईवडिलांना बोलावून सांगण्यात आलं. भडकवणारं कोणी असेल तर ते तुमचंच वेळापत्रक. नव्या शैक्षणिक धोरणाची पहिली तुकडी आमची, 2023-24 ची. इंटर्नशिप करायलाच हवी म्हणून पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मी एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याच्या अकाउंट्समध्ये जाऊन बसले. मानधन काही नव्हतं. क्रेडिट मिळणार होते आणि दुपारचं जेवण. तिथल्या क्लार्कने मला पगारपत्रक करायला शिकवलं. माणूस सज्जन, हाताखाली शिकणाऱ्यावर कधी खेकसला नाही. पीएफची जी फाइल दर महिन्याला भरायची असते, त्यात एक रकाना असतो: एन.सी.पी. डेज. म्हणजे बिनपगारी, वर्गणी न लागणारे दिवस. हजेरीच्या वहीत सव्वीस दिवस कामावर असलेल्या माणसाच्या नावापुढे या रकान्यात आठ लिहायचे. मग पीएफ अठराच दिवसांचा भरावा लागतो. मला वाटलं टायपिंगची चूक आहे, मी विचारलं. तो हसला. “चूक न्हय गो, तशेंच आसता.”

इंटर्नशिपच्या अहवालात मी यातलं काहीच लिहिलं नाही. ‘संघभावना शिकायला मिळाली’ असं लिहिलं आणि चांगली ग्रेड घेतली. याची मला अजून लाज वाटते, पण ते वेगळं.

गेल्या जूनमध्ये एका शनिवारी बस चुकली म्हणून मी फाटकापाशी पाऊस थांबायची वाट बघत होते. काका दिवसपाळीतल्या कुणाच्या तरी बदल्यात आले होते. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. “बाय, हांगा कितें बरयलां तें सांग गो.” ती पगाराची पावती होती, अर्ध्या पानाची, शाई पुसट. मूळ वेतन, भत्ता, कपात पीएफ, कपात ईएसआय म्हणजे कामगार विमा, हातात अमुक. मी त्यांना विचारलं, पीएफ खात्याचा यूएएन नंबर माहीत आहे का? ओळखपत्राच्या मागे बॉलपेनने बारा आकडे लिहिलेले होते. फोनवर पासबुक उघडायला गेलो तर ओटीपी येईना. नंतर कळलं, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर कंत्राटदाराच्या सुपरवायझरचा होता. काकांच्या पैशाची चावी चार वर्षं दुसऱ्याच्या खिशात! नंबर बदलून घ्यायला ते पणजीला पीएफच्या कार्यालयात दोनदा गेले आणि दोन दिवसांची मजुरी गेली. तिसऱ्या शनिवारी पासबुक उघडलं. नोव्हेंबरपर्यंत नोंदी होत्या, त्यानंतरच्या सात महिन्यांत एकही नाही. पावत्यांवर मात्र सातही महिने कपात.

ते काही बोलले नाहीत. पावती पुन्हा चार घड्या करून खिशात ठेवली आणि म्हणाले, मावशीचंही बघ.

मग दर शनिवारी चार वाजता सायकल स्टँडजवळच्या बदामाखाली आम्ही बसायला लागलो. याला नोटिशीत ‘अनधिकृत सभा’ म्हटलं आहे. सभा कसली, एक खोक्यावर बसायचा आणि दुसरा उभ्याने पावती वाचून दाखवायचा. अकरा कामगार आहेत, अकराही जणांचं तेच. जुलैत आम्ही कार्यालयात पत्र दिलं आणि पोचीवर आवक क्रमांक घेतला. ऑगस्टमध्ये आठवणपत्र दिलं. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, 27 तारखेला होती. जुलैचा पगार 7 ऑगस्टच्या आत हातात पडायला हवा होता, 1936 चा वेतन प्रदान कायदा तेच सांगत आला आहे आणि नवी वेतनसंहिताही तेच सांगते. पैसे मावशीच्या खात्यात आले ते 26 तारखेला संध्याकाळी, गणपतीवर टांगायच्या फळांचा, माटोळीचा बाजार आवरायला लागल्यावर. तिने उरलीसुरली सुपारीची एक शिपटी आणि दोन चिबडं घेतली. बाजारात त्या वेळी मी होते, म्हणून माहीत.

डिसेंबरात मधल्या सुट्टीत चाळीस मिनिटं आम्ही फाटकापाशी उभे राहिलो. घोषणा दिल्या नाहीत, लेक्चर बुडवलं नाही. एका पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: ‘सात महिन्यांचा पीएफ कुठे आहे?’ त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. नोटीस आली.

आता थोडा हिशेब करू, कारण हा हिशेब तुम्हीच आम्हाला शिकवला आहे. कॉस्टिंगच्या तासाला सर सांगतात, खर्चाखाली विकणाऱ्याचा खर्च कोण सोसतंय ते आधी शोधा. कामगाराला शंभर रुपये मजुरी द्यायची तर मालकाला त्यावर पीएफचे 12, विमा आणि प्रशासकीय आकार धरून एकूण 13 रुपये, ईएसआयचे 3 रुपये 25 पैसे आणि किमान बोनसचे 8 रुपये 33 पैसे घालावे लागतात. झाले 124 रुपये 58 पैसे. भरपगारी रजा, गणवेश, बॅटरी, सुपरवायझरची मोटारसायकल अजून यात नाहीच. महाविद्यालयाने जे टेंडर मंजूर केलं त्यात कंत्राटदाराने आपलं सेवाशुल्क शेकडा एक रुपयाहून कमी लावलं होतं, म्हणून तो सर्वात स्वस्त ठरला. म्हणजे या 124 रुपये 58 पैशांवर त्याला सव्वा रुपयासुद्धा सुटत नाही. तरी त्याच्याकडे दोन गाड्या आहेत आणि तो दरवर्षी पुन्हा टेंडर भरतो. पोट भरतो कशावर? उत्तर काकांच्या पासबुकात आहे. टेंडर उघडणाऱ्या समितीत वाणिज्य शाखेचे दोन प्राध्यापक होते. सव्वा रुपयात धंदा होत नाही हे त्यांना कळलं नसेल, असं मी मानायला तयार नाही.

कायद्याचं बोलायचं तर तेही सरळ बोलूया. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा वीस माणसांपासून लागत असे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यात ही मर्यादा पन्नासवर नेली. आमच्याकडे अकरा. कंत्राटी कामगारांच्या प्रकरणातून तुम्ही सुटता हे मला मान्य आहे, आणि तुमच्या वकिलांनी ते तुम्हाला सांगितलंही असेल. पण वेतनसंहितेला असली संख्या नाही. जो कामाला ठेवतो त्याने वेतन दिलं नाही तर ज्याच्या आस्थापनेत काम चालतं त्याच्यावर ती जबाबदारी येते, असं त्यात लिहिलं आहे. पीएफचं तर याहून जुनं आहे. 1952 च्या योजनेत कंत्राटदाराच्या माणसांची वर्गणी भरण्याची जबाबदारी मुख्य मालकावर टाकली आहे, नंतर त्याने ती कंत्राटदाराकडून वसूल करावी. कामगाराच्या मजुरीतून कापलेली वर्गणी न भरणं हा फौजदारी विश्वासघात धरला जातो. हे आम्ही ग्रंथालयात बसून वाचलं. ग्रंथालयाची फरशी मावशीच पुसते.

आणि बारा तासांची पाळी, तीही आठवड्याचे सातही दिवस? नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मिळवली ती 10 जून 1890 ला. चौथीच्या मुलालाही ठाऊक असलेली गोष्ट. आमच्या फाटकाला ती अजून कळलेली नाही.

माझे बाबा खाणीवर होते. पक्के नाही, कंत्राटी, टिपरच्या वर्कशॉपमध्ये. 2012 च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, तेव्हा मी दुसरीत होते. मोठं झाल्यावर त्या बंदीची कारणं वाचली, त्यातली बरीचशी मला पटतात. आमच्या गावच्या ओहोळाचं पाणी लाल असायचं हे मी पाहिलं आहे. पण पक्क्या कामगारांना काही महिने थोडा तरी पगार मिळाला, युनियनने बोलणी केली, पेपरात नाव आलं. बाबांना फोरमनने फोन करून फक्त ‘उद्यापासून येऊ नको’ एवढं सांगितलं. त्यांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, कारण कंपनीच्या लेखी ते तिथे कधी नव्हतेच. पिवळं हेल्मेट आमच्या पडवीतल्या खुंटीला टांगलेलं राहिलं. 2014 मध्ये न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांच्या मर्यादेत खाणकामाला परवानगी दिली, तेव्हा आईने ते धुऊन ठेवलं. मार्च 2018 मध्ये पुन्हा बंद. आता त्यात आई लसूण ठेवते. आमचे रात्रपाळीचे काका पिसुर्ल्याच्या बाजूच्या खाणीवर असेच कंत्राटी होते. खाण सुटली म्हणून ते सिक्युरिटीत आले. एका माणसाला आयुष्यात दोनदा ‘बाहेरचा’ ठरवण्याची ही तऱ्हा मला घरातूनच ओळखीची आहे, सर.

विद्यार्थ्यांनी यात पडावं का, हा तुमचा मूळ प्रश्न. गोव्यातले विद्यार्थी पडत आले आहेत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बसच्या तिकिटात अर्धी सवलत मागत पोरं रस्त्यावर आली. त्या पिढीतले काही आज संस्थांच्या कमिट्यांवर आहेत, आणि स्नेहसंमेलनात ‘आमच्या वेळी’ म्हणून त्या दिवसांच्या गोष्टी रंगवून सांगतात. आम्ही ऐकतो, टाळ्या वाजवतो. मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या प्रकल्पांविरुद्ध 2020 मध्ये मुलं उभी राहिली तेव्हा मी शाळेत होते. आम्ही शेकरू आणि मलबारी धनेशाची चित्रं काढली, शिक्षकांनी ती पॅसेजमध्ये लावली, पालकांनी फोटो काढले. कुणी नोटीस दिली नाही. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली तेव्हा पेढे वाटले. मोलेचं जंगल मला प्रिय आहे. पण ते संस्थेच्या जमाखर्चात येत नाही, म्हणून त्याच्यासाठी उभं राहणारी मुलं संस्थेला आवडतात. मावशी जमाखर्चात येते. फरक तेवढाच आहे, आणि तो तुम्हालाही माहीत आहे.

थोडं आमच्या बाजूचंही सांगायला हवं. सगळे विद्यार्थी आमच्याबरोबर नाहीत. वर्गाच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, ‘ती मावशी कर्नाटकातली, गदगची, भायली. तिच्यासाठी गोंयकारांनी का उभं राहायचं?’ भायली म्हणजे बाहेरची. त्याला अकरा अंगठे मिळाले. मी आधी रागाने मोठं उत्तर टाइप केलं आणि पुसलं. मग एवढंच विचारलं, काका तर इथल्याच सत्तरी तालुक्यातले, त्यांचा पीएफ भरला गेला का? त्यावर कोणी काही लिहिलं नाही. कंत्राटदाराला गदग आणि सत्तरी सारखीच. आपण इथे भायले कोण याची यादी करत बसतो आणि तो दोघांचाही पीएफ एकाच महिन्यापासून भरायचा थांबतो. मी हे मुलांना बोलते आहे, पण मंडळातल्या ज्या सदस्यांनी ‘स्थानिकांना रोजगार’ या विषयावर भाषणं केली आहेत त्यांनीही वाचावं.

आणखी एक गोष्ट, ही लिहिताना मला जड जातंय. त्या चाळीस मिनिटांचा फोटो आमच्यातल्या एकीने स्टोरीला टाकला. त्यात मागे फाटकाच्या खोलीत काका दिसतात, चहाचा ग्लास हातात. ते आमच्याबरोबर उभे नव्हते. त्यांची पाळीही नव्हती, पगाराचं विचारायला आले होते. आम्ही फोटो नीट बघितला नाही. चार दिवसांनी त्यांची ‘साइट’ बदलली, वेर्णा. कागद काही नाही, फोन. आमच्याविरुद्ध निदान नोटीस तरी निघाली, उत्तर द्यायला सात दिवस तरी मिळाले. आमचं फार तर इंटर्नलचे गुण जातील, किंवा दाखल्यावर शेरा येईल. त्यांचे रोजचे साडेतीन तास प्रवासात गेले. ही चूक आमची आहे. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांच्या बायकोने पेज वाढली आणि विचारलं, बाय, तू आतां पास जातलीं मगे? तिला माझ्या परीक्षेची काळजी. मला पेज गिळवेना.

त्या दिवसापासून आम्ही ठरवलं आहे की कामगारांनी सांगितल्याशिवाय फोटो नाही, पुठ्ठा नाही, काही नाही. काय मागायचं तेही त्यांनीच ठरवलं, आणि ते फार थोडं आहे. काकांना परत आमच्या फाटकावर आणा. राहिलेली वर्गणी महाविद्यालयाने भरावी आणि कंत्राटदाराच्या पुढच्या बिलातून कापून घ्यावी. दर महिन्याच्या आठ तारखेला पगारपत्रक आणि पीएफ भरल्याची पावती कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावा, जिथे आमचे गुण लावता तिथेच. आठवड्याला एक सुट्टी. कायद्याला सोडून यात एकही मागणी नाही. पाच जणांच्या नोटिशी मागे घ्या, हे मी शेवटी लिहिते, कारण मावशीने त्याचा आग्रह धरला. आमच्या यादीत ते नव्हतं.

पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांकडे जायचे कागद तयार आहेत. अकरापैकी नऊ जणांनी सह्या केल्या आहेत, दोघे घाबरतात, आणि त्यांनी घाबरू नये असं सांगण्याचा अधिकार मला नाही. तुम्ही आधी बोलावलंत तर आम्ही आधी तुमच्याकडे येऊ. संस्थेचं नाव चव्हाट्यावर यावं अशी माझी इच्छा नाही. इथेच माझी धाकटी बहीण पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेणार आहे.

येत्या शनिवारी चार वाजता आम्ही बदामाखाली असू. काका येतो म्हणालेत. रात्रपाळी उतरून वेर्ण्याहून पणजी, पणजीहून वाळपईची बस, मधेच उतरून इथे, आणि संध्याकाळी पुन्हा उलटी वाट. मी त्यांना म्हटलं, फोनवर बोलू, येऊ नका. पण ईएसआयचं कार्ड त्यांना समक्ष दाखवायचंय. आमच्यासारखं अर्धं तिकीट त्यांना मिळत नाही. शनिवारच्या आत बदलीचा फोन मागे घेतलात तर त्यांचे तेवढे पैसे वाचतील.

आपली विद्यार्थिनी,
बी.कॉम., तिसरे वर्ष
(डिचोली तालुका)